जुनी मॅसी: ब्रेक दाबला की डावा टेल लाईट विझतो

नांगरट:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९७८ ची मॅसी १०३५ (ट्रॅक्टर) आहे. वडिलांनी घेतलेली, अजून पेरणीला तीच. गाडी शिरूर तालुक्यात आणि मी कोथरूडला, त्यामुळे जे काय करायचं ते शनिवार-रविवारी. इंजिन ठणठणीत, हायड्रॉलिक मस्त उचलतं. डोकेदुखी आहे ती मागच्या दिव्यांची.

लाईटचा स्विच पहिल्या खटक्यावर टाकला की मागचे दोन्ही लाल दिवे लागतात, डावा जरा मंद. ब्रेक दाबला की उजवा भक्कन उजळतो आणि डावा चक्क विझतो. पाय काढला की परत लागतो. आणखी एक गंमत: सगळे स्विच बंद ठेवून नुसता ब्रेक दाबला तर समोरच्या डॅशबोर्डच्या मीटरमधली बारीक बत्ती मिणमिणते. ब्रेकचा आणि त्या बत्तीचा काय संबंध?

बल्ब नवे टाकलेत (२१/५ वॅटचे, दोन फिलामेंटवाले). डावा होल्डर नवा. गावातल्या वायरमनने स्विचपासून मागेपर्यंत वायर नवी ओढली, मल्टिमीटर लावून ‘अर्थ आहे, पीं वाजतंय’ म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. दिवा तसाच. रात्री कधीतरी नगर रोडचा थोडा पल्ला मारावा लागतो आणि तिथे मागून कंटेनर कसे येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मदत करा.

सकाळचा_चहा:
ट्रॅक्टर पक्का पुणेरी आहे. आपण ब्रेक मारला हे दुसऱ्याला कशाला सांगायचं?

कोरडवाहू:
बल्ब उलटा बसलाय. २१/५ च्या बल्बच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, खाली-वर असतात. हलका होल्डर असेल तर दाबून फिरवला की उलटाही बसतो, मग टेल आणि ब्रेकची अदलाबदल होते.

नांगरट:
तो संशय आला होता. पिना बरोबर खाचेत आहेत. डावा बल्ब काढून उजवीकडे लावला, तिथे दोन्ही फिलामेंट व्यवस्थित लागतात.

लालकाळी:
बल्ब, होल्डर, वायर सगळं विसरा. डाव्या दिव्याला अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट, नाही. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं त्या एकाच गोष्टीची आहेत. भोसरीत ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात आयुष्य गेलं, हा आजार दर पावसाळ्यानंतर रांगेने यायचा.

नीट वाचा, म्हणजे पुढच्या वेळी वायरमनला बोलावावं लागणार नाही.

बल्बमध्ये दोन फिलामेंट आहेत, ५ वॅटचं टेलचं आणि २१ वॅटचं ब्रेकचं. दोघांची एकेक बाजू खालच्या आपापल्या ठिपक्यावर येते, दुसरी बाजू मात्र दोघांची एकच, म्हणजे बल्बचं पितळी अंग. त्या अंगातून करंट होल्डरला, होल्डरातून पत्र्याला आणि पत्र्यातून बॅटरीला परत जायला हवा. ही परतीची वाट तुटली की करंट गप्प बसत नाही. पाटाला बांध घातला की पाणी शेजारच्या वावरात शिरतं, तसं आहे.

आता टेल चालू, ब्रेक बंद. करंट डाव्या ५ वॅटच्या फिलामेंटमधून अंगात आला. पत्र्याकडे वाट नाही. मग तो त्याच बल्बच्या २१ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा चढतो, ब्रेकच्या वायरने उजव्या दिव्यात जातो, तिथल्या २१ च्या फिलामेंटमधून उजव्या दिव्याच्या अर्थला मिळतो. २१ वॅटची फिलामेंट गार असताना त्यांचा रोध अगदी कमी असतो, म्हणून डावा टेल जवळजवळ पूर्ण लागतो, जरासा मंद. लोक फसतात ते इथेच. दिवा लागतोय म्हणजे अर्थ आहे, असं वाटतं.

ब्रेक दाबलात. ब्रेकच्या वायरवर आता बारा व्होल्ट आले. डाव्या बल्बला टेलकडूनही बारा, ब्रेककडूनही बारा. दोन्हीकडून सारखाच दाब, मग करंट वाहणार कुठे? दिवा विझला.

आणि मीटरची बत्ती: टेल बंद, ब्रेक दाबलेला. करंट डाव्या २१ मधून अंगात, अंगातून ५ च्या फिलामेंटमध्ये उलटा, तिथून टेलच्या वायरवर. त्याच वायरवर मीटरची बत्ती आहे, तिला चार-पाच व्होल्ट मिळतात आणि ती मिणमिणते. त्या वेळी उजव्या दिव्याचं ५ चं फिलामेंटही मंद लागलेलं असतं, पण ब्रेकच्या उजेडात दिसत नाही.

परीक्षा सोपी आहे. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला, दुसरं डाव्या होल्डरच्या धातूला घासून धरा. ब्रेक दाबायला कुणाला तरी बसवा. दिवा उजळला तर माझं म्हणणं खरं.

कोरडवाहू:
लालकाळी काका, मान गये. बल्ब उलटा वगैरे मागे घेतो.

सकाळचा_चहा:
उलटा बल्ब मागे घेता येतो, उलटा करंट नाही.

नांगरट:
काका, शंका एकच. वायरमनने मीटर लावला तेव्हा खरंच पीं वाजलं होतं, मी शेजारी उभा होतो. अर्थ तुटलेली असेल तर वाजलं कसं?

शिवारातली:
मी सांगते, हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे.

मीटरचा बझर काही दहा ओहमच्या आत काहीही सापडलं की वाजतो. तेव्हा बल्ब होल्डरमध्येच होते ना? मग मीटरचा करंट डाव्या होल्डरच्या अंगातून गार फिलामेंटमध्ये गेला, तिथून टेल किंवा ब्रेकच्या वायरने उजव्या दिव्यात आणि उजव्याच्या अर्थला. लालकाळींनी सांगितलेली चोरवाटच, फक्त मीटरच्या करंटने. ५ वॅटचं फिलामेंट तापल्यावर २९ ओहमच्या आसपास असतं, गार असताना त्याच्या साधारण दहावा भाग. २१ चं तर गार असताना एक ओहमच्याही आत. बझरला ते सगळं ‘जोडलेलं’ वाटतं. वायरमन खोटं बोलला नाही, मीटरला प्रश्नच चुकीचा विचारला गेला.

म्हणून बझर वापरायचाच असेल तर सगळे बल्ब काढून. आणि तरीही त्यावर भिस्त ठेवू नका. मीटर काही मिलिअँपिअर सोडतो, ब्रेकच्या दिव्याला पावणेदोन अँपिअर लागतात. तारेचा एकच धागा शिल्लक राहिलेली वायरसुद्धा बझरला चालते.

खरी मोजणी चालू दिव्यावरची. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर, म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, क्लॅम्पवर नाही. टेल आणि ब्रेक दोन्ही चालू. लाल पिन आधी बल्बच्या अंगावर, मग दिव्याच्या पट्टीवर, मडगार्डच्या पत्र्यावर, मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगवर, गिअरबॉक्सवर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम बदलतो तिथे आजार. चांगल्या अर्थला बल्बच्या अंगापासून बॅटरीपर्यंत ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट दिसतात. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की हात घालायचा.

दोन्ही दिवे मोजा. उजवा ‘चांगला’ आहे यावर माझा विश्वास नाही.

राखाडी_फर्गी:
एक मिनिट थांबा. सगळे अर्थ म्हणजे निगेटिव्ह असं धरून चाललेत. गाडी जुनी असेल तर आधी बघा की बॅटरीची कुठली खुंटी बॉडीला जोडली आहे.

माझ्याकडे फर्ग्युसन टीई-२० आहे. कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेनच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांवर बनल्या, त्यातली एक. तिला मूळची पॉझिटिव्ह अर्थ आहे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत हे सर्रास होतं. मी तशीच ठेवली आहे. साध्या बल्बला पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं काही पडलेलं नसतं, दोन्हीकडून लागतो. पंचाईत एलईडीची. हल्ली नांगरटीला लावतात ते लोखंडी अंगाचे एलईडी दिवे आणले आणि त्यात निगेटिव्ह आतून अंगालाच जोडलेलं निघालं तर पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीवर बोल्ट आवळून वायर जोडली की सरळ शॉर्ट.

कुणी मधल्या काळात डायनमो काढून अल्टरनेटर बसवला असेल तर गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेतलेली असते. पण ‘असेल’ वर जाऊ नका, झाकण उघडून बघा. खुंट्यांवरचे + आणि − पुसले गेले असतील तर जाड खुंटी पॉझिटिव्ह.

कोरडवाहू:
निगेटिव्ह करून घ्यायची असेल तर नुसत्या बॅटरीच्या वायरी बदलल्या की झालं?

राखाडी_फर्गी:
नाही. बॅटरी फिरवायची, खुंट्यांची जाडी वेगळी म्हणून क्लॅम्प बदलायचे, अँपिअर मीटरच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, आणि डायनमोला नवी दिशा शिकवायची. त्याच्या फील्डच्या टर्मिनलवरची वायर काढून ठेवायची आणि बॅटरीच्या जिवंत वायरने त्या टर्मिनलला क्षणभर स्पर्श करायचा, बारीक ठिणगी पडते. हे केलं नाही तर डायनमो उलटा चार्ज करतो आणि कटआऊटचे (डायनमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप स्विचचे) पॉइंट जळतात. स्टार्टर मोटर दोन्हीकडे त्याच दिशेला फिरते, तिला हात लावू नका.

मंडई_ते_माण:
पण मी म्हणतो हे सगळं कशाला? दोन एलईडीचे टेल लॅम्प आणा, नाना पेठेत ढिगाने मिळतात, लावून मोकळे व्हा. एलईडी काय मंद-बिंद होत नाही.

लालकाळी:
एलईडी लावा, माझा विरोध नाही. जुन्या डायनमोला तर आरामच पडेल. ल्युकास कंपनीचा सी-४० डायनमो घेतला तरी पूर्ण जोरात २२ अँपिअर देतो, आणि इंजिन नुसतं घुरघुरत असताना जवळजवळ काही नाही. पण अर्थ दुरुस्त न करता एलईडी लावलात तर दुखणं फक्त झाकलं जाईल. एलईडीला पाव अँपिअरही पुरतो, त्यामुळे कुजक्या अर्थमधूनही तो लागतो. मग एक दिवस ट्रॉली जोडाल, तिचे साधे बल्ब त्याच अर्थवर येतील, आणि पुढच्या-मागच्या सगळ्यांचा गोंधळ होईल.

आणि इंडिकेटर एलईडीचे केलेत तर इंडिकेटर लुकलुकवणारा जुना दोन पिनांचा फ्लॅशर बदलावा लागेल. त्याच्या आतली पट्टी बल्बच्या करंटने तापून चालते. भार कमी पडला की एक तर पटापट मारतो किंवा गप्प बसतो.

नांगरट:
मोजून आलो. शेजारच्या पोराला ब्रेकवर बसवलं होतं.

बॅटरीची निगेटिव्ह खुंटी बॉडीला आहे, तो प्रश्न मिटला. गाडी बंद, बॅटरी १२.४.

डावा: बल्बच्या अंगावर ११.८. पट्टीवर ११.८. मडगार्डच्या पत्र्यावर ११.८. ॲक्सल हाऊसिंगवर ०.०.
लांब वायर धरली, दिवा लख्ख.

उजवा: बल्बच्या अंगावर ०.९, मडगार्डवर ०.८, हाऊसिंगवर ०.०. ब्रेकच्या ठिपक्यावर ११.५.

शिवारातलीताई, तुम्ही म्हणालात तसंच, उजवाही आजारी निघाला.

शिवारातली:
छान मोजलंत. डावीकडे पूर्ण ११.८ म्हणजे परतीचा करंट शून्य, वाट पार तुटलेली. करंटच नसल्यामुळे अंग, पट्टी, मडगार्ड तिन्हीकडे आकडा तोच. तुटलं आहे ते मडगार्ड आणि हाऊसिंग यांच्या मध्ये.

उजवीकडे दिव्याला प्रत्यक्षात मिळतात ११.५ वजा ०.९, म्हणजे १०.६ व्होल्ट. साध्या बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने पडतो. बाराचे साडेदहा झाले की उजेड साधारण दोन-तृतीयांश उरतो, नऊ झाले की तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वर. म्हणून जुन्या गाड्यांचे टेल लाईट लाल न दिसता विझत आलेल्या विडीसारखे दिसतात. जाण्याच्या वाटेवरही ०.९ खर्च होतात, ते ब्रेकच्या स्विचमध्ये आणि त्या नव्या वायरमध्ये. वायर किती जाड टाकली आहे?

नांगरट:
बारीक आहे, स्पीकरला टाकतात तसली लाल-काळी. मडगार्ड आम्ही दोन-तीन वर्षांपूर्वी काढून रंगवले होते, चांगले दोन हात. बोल्टखाली रंगाचा जाड थर आहे, आणि डावीकडे पेंटरने खडखड नको म्हणून मध्ये टायरच्या ट्यूबचे तुकडे घातलेत!

सकाळचा_चहा:
सापडला. आरोपी पेंटर.

लालकाळी:
ट्यूबचे तुकडे राहू द्या, खडखड थांबते ते खरंच आहे. आपण पत्र्यावर अवलंबून राहायचंच नाही.

ट्रॅक्टरची बॉडी म्हणजे कारसारखा एकसंध पत्रा नव्हे. हे इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स, ॲक्सल असे ओतीव डबे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, ते अर्थला उत्तम. स्टार्टरचे शेकडो अँपिअर त्यातूनच जातात. पण मडगार्ड, दिव्याची पट्टी, नंबरप्लेट हे सगळं वरून टांगलेलं, रंगवलेलं, गंजलेलं, त्यात शेण-चिखल आणि युरियाचं पाणी. युरिया तांब्याला आणि पितळेला हिरवं करून खातो. म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतःची परतीची वायर द्यायची.

करायचं असं. दोन्ही दिव्यांच्या होल्डरच्या अंगापासून एकेक काळी वायर, मडगार्डच्या आतून क्लिपा मारत, खाली ॲक्सल हाऊसिंगवरच्या एकाच बोल्टवर आणायची. त्या एका बोल्टवर डावा, उजवा, नंबरप्लेटचा दिवा, पुढे ट्रॉलीच्या सॉकेटची वायर, सगळे. आणि त्याच बोल्टवरून एक जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेलीत तर सोन्याहून पिवळं. बोल्ट बाहेरचा, कंस वगैरे धरणारा निवडा. हायड्रॉलिकच्या वरच्या कव्हरचा बोल्ट सैल करू नका, तेल झिरपायला लागेल आणि मला शिव्या बसतील. नवं भोक तर मुळीच पाडू नका.

बोल्ट काढून बसायची जागा पॉलिश पेपरने चांदीसारखी होईपर्यंत घासा. रंग खरवडून करडं लोखंड दिसलं म्हणजे झालं असं नाही, ते चमकलं पाहिजे. दातेरी वाशर, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी), मग बोल्ट. दातेरी वाशर थिंबल आणि हाऊसिंगच्या मध्ये, दात लोखंडात रुतले पाहिजेत. घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. आधी ग्रीस फासून मग सैलसर आवळण्याची खोड बऱ्याच मिस्त्रींना आहे.

शिवारातली:
वायरच्या जाडीचं मी जोडते. ऑटोच्या वायरवर १४/०.३० किंवा २८/०.३० असं लिहिलेलं असतं, म्हणजे ०.३० मिलिमीटरचे १४ किंवा २८ धागे. पहिली साधारण एक चौरस मिलिमीटर, दुसरी दोन. टेलला पहिली पुरते. ब्रेकला आणि अर्थला दुसरी घ्या. घरातली एकेरी तारेची वायर ट्रॅक्टरवर नको, थरथरीने आतल्या आत तुटते आणि वरून कळतही नाही.

हिशोब: टेलचे ५ + ५, नंबरप्लेटचे ५, मीटरचे २, मिळून १७ वॅट, दीड अँपिअरच्या आत. तिथे ५ चा फ्यूज. ब्रेकचे ४२ वॅट, साडेतीन अँपिअर, तिथे साडेसात. फ्यूज बॅटरीकडच्या टोकाला. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो, त्यामुळे वायरच्या ताकदीपेक्षा मोठा कधी घालू नका. तुमच्या स्पीकरच्या वायरला सध्या काय फ्यूज आहे?

नांगरट:
सध्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली आहे. सिगरेटच्या चांदीची जुनी परंपरा आमच्याकडे नाही, एवढंच काय ते समाधान.

शिवारातली:
ती आज काढा. बाकीचं नंतर.

राखाडी_फर्गी:
मूळ वायरिंग कुठे शिल्लक असेल तर रंग बघून ठेवा, म्हणजे वायरमन चुकीची वायर कापणार नाही. ल्युकासच्या पद्धतीत बॅटरीची थेट जिवंत वायर तपकिरी असते. लाल म्हणजे टेल आणि साईड. ब्रेक हिरवी, वर जांभळी रेघ. डावा इंडिकेटर हिरव्यावर लाल, उजवा हिरव्यावर पांढरी. काळी अर्थ. आपल्याकडे लाल दिसली की ती बॅटरीची म्हणून जोडून टाकतात.

जुने होल्डर, काचा, ल्युकासचे स्विच हवे असतील तर जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर. जुने पितळी होल्डर उचला, नव्यातल्या पातळ पत्र्याच्या होल्डरपेक्षा शंभर पटींनी बरे.

मंडई_ते_माण:
थिंबलं, स्लीव्ह, मीटर सगळं पुण्यात तपकीर गल्लीत. गाडी घेऊन जाऊ नका, मंडईच्या पार्किंगला लावा आणि चालत या.

कोरडवाहू:
थिंबलला कथलाचा डाग द्यायचा की ती पक्कडीने वायरवर दाबायची? आमचा मिस्त्री डागाशिवाय काम करत नाही.

लालकाळी:
डाग. आयुष्यभर डागच दिला, एकही निघाला नाही.

शिवारातली:
काका, इथे माझं वेगळं मत. डाग दिला की कथील वायरच्या धाग्यांत वर चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. जिथे ताठपणा संपतो तिथे थरथरीने धागे तुटतात. चांगल्या पक्कडीने दाबलेली थिंबल आणि वर गरम करून बसणारी स्लीव्ह, हे ट्रॅक्टरवर जास्त टिकतं. साध्या पकडीने चेपलेली थिंबल मात्र डागापेक्षा वाईट.

लालकाळी:
डाग दिल्यावर वायर लगेच क्लिपेत धरली तर हलत नाही, आणि हलली नाही तर तुटत नाही. पण दाबायची पक्कड असेल तर तुमचं बरोबर. नसेल तर माझं.

नांगरट:
काम झालं. दाबूनच केलं, शेजारच्या गावातल्या पंपवाल्याकडे पक्कड होती. दोन्ही दिव्यांना २८/०.३० ची काळी वायर, ॲक्सलवर एक बोल्ट, तिथून बॅटरीला वेगळी. ब्रेकची वायरही बदलली, फ्यूज बॉक्स बसवला.

आता बल्बच्या अंगावर डावीकडे ०.०६, उजवीकडे ०.०५. ब्रेक दाबला की दोन्ही सारखे. मीटरची बत्ती ब्रेकला ओळख देत नाही.

एक उपप्रश्न. मागे नांगरटीसाठी ५५ वॅटचा दिवा लावायचा आहे. त्याची वायर टेलच्याच स्विचवर घेऊ का?

लालकाळी:
नको. साडेचार अँपिअर त्या जुन्या स्विचला झेपणार नाहीत, काही रात्रींत पितळ्या काळ्या पडतील. रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. त्याच्या ३० नंबरच्या पिनेवर बॅटरीकडून १५ च्या फ्यूजमधून वायर, ८७ वरून दिव्याला, ८६ वर स्विचची बारीक वायर, ८५ अर्थला. दिव्याची आणि ८५ ची अर्थ त्याच बोल्टवर. रस्त्यावर मात्र तो दिवा बंद, मागच्याच्या डोळ्यांत पांढरा उजेड गेला तर लाल टेलचा काही उपयोग नाही.

शिवारातली:
आणि एकदा स्टार्टर मारताना बॅटरीची निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनचं ओतीव अंग यांच्यात मोजा. दिव्यांच्या करंटवर बॅटरीची अर्थची पट्टी नेहमी चांगलीच दिसते, स्टार्टरला खरी कळते. ०.३ व्होल्टच्या आत असेल तर सोडून द्या.

ऊसवाला_दौंड:
धागा वाचून माझीही व्यथा मांडतो. ट्रॅक्टर नवा आहे, त्याचे दिवे ठीक. ट्रॉली जोडली की उजवा इंडिकेटर टाकल्यावर ट्रॉलीचे दोन्ही टेल लाईट त्याच्या तालावर फडफडतात. ऊस भरला की जास्त, रिकामी असली की कधी बरोबर चालतात. हंगाम तोंडावर आहे.

लालकाळी:
तोच आजार, मोठ्या अंगात. ट्रॉलीला अर्थ हुकातून मिळतेय. हुक, पिन आणि त्यावरचं ग्रीस ही अर्थ नव्हे. भार पडला, वळण आलं, खड्डा आला की स्पर्श बदलतो.

सात पिनांचं सॉकेट आहे ना? ३ नंबरची पिन अर्थ, वायर पांढरी. १ डावा इंडिकेटर पिवळी, ४ उजवा हिरवी, ५ उजवा टेल तपकिरी, ६ ब्रेक लाल, ७ डावा टेल काळी. इथे काळी म्हणजे टेल आहे हे लक्षात ठेवा, ट्रॅक्टरच्या काळ्या अर्थशी जोडलीत तर स्विच टाकताच फ्यूज उडेल. ३ नंबरवरून सगळ्या ट्रॉलीचा परतीचा करंट येतो, म्हणून ती वायर बाकीच्यांपेक्षा जाड, अडीच चौरस मिलिमीटरची. ट्रॅक्टरकडे ती ॲक्सलच्या बोल्टवर, ट्रॉलीकडे एका बोल्टवर आणि तिथून प्रत्येक दिव्याला वेगळी.

शिवारातली:
मोजताना ट्रॉलीचे सगळे दिवे एकदम चालू ठेवा, टेल, ब्रेक आणि इंडिकेटर. एकेक लावून मोजलंत तर सगळं चांगलंच दिसेल.

कोरडवाहू:
दिव्यांचं करा, पण उसाची मोळी मागे लोंबायला लागली की दिवे झाकले जातातच. मागे लाल, बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी हवीच, आणि मोळ्यांच्या बाहेर येईल असं रिफ्लेक्टरचं कापड टांगा. यवतच्या पुढे रात्री बंद पडलेली ट्रॉली दिसते ती कधी कधी बोनेटला टेकल्यावरच. बॅटरी उतरली तर दिवा गेला, पट्टीला बॅटरी लागत नाही.

ऊसवाला_दौंड:
सॉकेट उघडलं. ३ नंबरला पांढरी वायर जोडलेलीच नव्हती, सॉकेटच्या मागे नुसती वळवून ठेवलेली. इतकी वर्षं हुकच काम करत होता. अडीचची वायर टाकून जोडली, आता फडफड नाही. सगळे दिवे लावून मोजलं, मागच्या टोकाला ०.१५. दुसऱ्या ट्रॉलीचं सॉकेट उघडलंय, त्यात मुंगळ्यांनी घर केलंय. आधी त्यांना हलवतो.